धुऱ्यावरच्या दोन बाया

डॉक्टर बोलत असले की पंचशीलाताई हात वर करायची. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरात न वाकवता, सरळ छताकडे. डॉक्टरबाई थांबल्या की म्हणायची, "आता तुमी आयका. तुमी जे सांगतलं ते मी माह्या बोलीत सांगते. चुकलं त टोका." आणि डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं खपून सांगितलेलं ती चार वाक्यांत परत सांगायची. कधी ते बरोबर असायचं, कधी साफ चुकलेलं. चुकल्याची तिला लाज नव्हती. "मंग असं म्हना ना बाई," एवढं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मला त्या हाताचा राग यायचा. राग म्हणते, पण राग वेगळा असतो, तो येतो आणि जातो. हे पोटात बसून राहायचं. ती चौथीपर्यंत शिकलेली, मी सातवीपर्यंत. माझी शाळा सुटली तेव्हा मला मान हलवण्याची चांगली सवय लागलेली होती. सर विचारायचे, "कळलं का?" मी मान हलवायची. लग्न ठरलं तेव्हा हलवली, नवऱ्याबरोबर घर सोडून इतक्या लांब यायचं ठरलं तेव्हाही हलवली. माझ्या लेकीच्या पोटात गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हाही मी मानच हलवली होती. आणि ही चौथी पास बाई डॉक्टरांना थांबवून ठेवते!

आमची ओळख चंद्रपूरच्या दवाखान्यात झाली, लहान मुलांच्या वॉर्डात. माझी स्वरा तेव्हा चार वर्षांची. तिचा अनमोल पाच वर्षांचा. दोघांना एकच आजार, लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कॅन्सर. दोघांचंही एकेक मूत्रपिंड नागपूरला काढलेलं, तेही आठवड्याच्या फरकानं. पुढची इंजेक्शनं दर मंगळवारी चंद्रपूरला. ती सावली गावाजवळच्या खेड्यातून पहाटेची बस धरून यायची. मी गावातल्याच भाड्याच्या खोलीतून यायची. माझे मालक कोळशाच्या टिप्परचे मेकॅनिक. आम्ही कोल्हापूरकडचे, कामासाठी इकडं आलो, आणि इथं आमचं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काऊन वो, कुठली हायेस? तुही बोली इकडची नाई वाटत."

"कोल्हापूरकडची."

"कोल्हापूरची?" ती माझ्या पायांकडं बघत म्हणाली. "मंग चप्पल काऊन पलास्टिकची?"

बाजूच्या खाटांवरच्या बाया हसल्या. मला रडू यायच्या बेतात होतं, पण मीही हसले. त्या दिवसापासून तिनं माझं नाव कोल्हापूरवाली ठेवलं. माझं खरं नाव तिनं मला कधी विचारलं नाही.

ती उंच होती, काळीसावळी, हाताची बोटं पाण्यात काम करून फुगल्यासारखी जाड. साडी नेहमी स्वच्छ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, जणू आत्ता बांधीत उतरायचं आहे. बांधी म्हणजे तिकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी अडवलेलं. त्या बांधाला ते लोक धुरा म्हणतात. सकाळी आली की खाटेजवळ बसून डोळे मिटून ती त्रिशरण म्हणायची, मग डबा उघडायची. डब्यात भात आणि कसलीतरी रानभाजी. "खाय वो," म्हणून पहिला घास माझ्या हातावर ठेवायची. मी नको म्हटलं तर, "मान आडवी हलवाले बी येते का तुले? मले वाटलं, उभीच हलते नंदीबैलावानी."

तिचं बोलणं असं होतं. लागायचं, आणि ते खरंही असायचं.

पण तिचं एकेक बघून मी जळत होते, हे आज लिहायला हवं. तिची सासू साठीच्या पुढची, तरी दर मंगळवारी नातवासाठी बसमधून उभी राहून यायची आणि सुनेचे पाय चेपायची. माझी सासू फोनवरून विचारायची, "पोरगीला काय खाऊ घातलंस गं असलं?" तिचा नवरा दुपारी न चुकता फोन करायचा, पलीकडून पंपाचा आवाज यायचा आणि त्या आवाजावर ओरडून तो "अनमोल जेवला का?" विचारायचा. माझे मालक वॉर्डाच्या दारापर्यंत यायचे. आत यायला त्यांचा पाय उचलायचा नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझी स्वरा. माझ्या हातून गोळी घेतली की ती थुंकून टाकायची. पंचशीलाताईनं तीच गोळी कुस्करून, "पाय, अनमोल खाऊन राह्यला, तू मागं राह्यतेस का?" म्हटलं की गिळायची. घरी गेल्यावर म्हणायची, "पंची मावशीला बोलाव." मी तिला दोन धपाटे घातले आहेत त्यावरून. कॅन्सरच्या पोरीला.

एका मंगळवारी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना एकत्र बसवलं. कागदाच्या पाठीवर त्यांनी दोन रेघा काढल्या, शेजारीशेजारी. म्हणाल्या, "शरीराच्या प्रत्येक कणात अशी सुतं असतात. जोडीजोडीनं. जोडीतलं एक सूत आईकडून येतं, एक वडिलांकडून. त्या सुतांवर ठिकठिकाणी हुकूम लिहिलेले असतात. बाळ पोटात असताना मूत्रपिंड तयार होतं. ते तयार झालं की 'आता वाढ पुरे' असं सांगणाऱ्या काही जागा आहेत. अकराव्या जोडीवरच्या अशा जागा पुष्कळदा या आजारात बिघडलेल्या किंवा गेलेल्या सापडतात. मग थांबायला सांगणारं कोणी राहत नाही. बाळपणीचे कण वाढतच जातात. तीच ही गाठ."

पंचशीलाताईचा हात वर गेला.

"म्हंजे जागल. धान भरलं का आमी मचानावर जागलीले बसतो, दोघं दोघं. एक झोपला त दुसरा हाकलते. दोघंबी झोपले का रानडुक्कर आत."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डुक्कर बाहेरून येतं. इथं बाहेरून कोणी आलेलं नाही. आपलंच पीक आहे, ते थांबत नाही."

पंचशीलाताईनं कागद आपल्याकडं ओढला. कागदावरच्या त्या दोन रेघांकडं ती बराच वेळ बघत होती. मला बरं वाटलं, तिला येत नाही हे बघून. मग ती एकदम म्हणाली, "मंग रोवना!"

रोवणा म्हणजे धानाची लावणी. "आमी बाया एका रांगीत वाकून रोवत जातो बाई. मान खाली. कुठवर आलो ते दिसत नाई. धुऱ्यावर दोन बाया उभ्या राह्यतात. एक माहेरची समजा, एक सासरची. आमी धुऱ्यापाशी आलो का त्या म्हनतात, 'बस, हद्द झाली.' एकीचं ध्यान नसन त दुसरी म्हनते. दोघीबी उठून गेल्या त आमी काय करून राह्यलो? रोवूनच राह्यलो. धुऱ्यावर रोवलं, रस्त्यावर रोवलं, लोकाइच्या घरात रोवलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी तिच्याच बोलीत सांगितलं. पहिल्या आणि सोळाव्या जोडीवरही असे धुरे आहेत. काही गाठींमध्ये तिथली एकेक बाई उठून गेलेली असते, काहींमध्ये दोघी जागेवर असतात. गेलेली असेल तर गाठ परत यायची भीती जास्त. मग जोराचं औषध, लाल रंगाचं, आणि जास्त महिने. दोघी जागेवर असतील तर चालू आहे तेवढं पुरे. नागपूरला गाठीचा तुकडा आणि मुलाचं रक्त ताडून पाहिलं की हे समजतं.

मी मान हलवली. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला खरोखर समजलेलं होतं, आणि ते तिच्यामुळं समजलं याचं दुःख झालं.

घरी मालकांना सांगितलं. त्यांनी आईला सांगितलं. सासूचा फोन आला, "तुज्या माहेरचीच उठून गेली आसणार. आमच्यात कुनाला न्हाई आसलं." मी रात्रभर... नाही, आठवडाभर तेच घोकत होते. माझ्या आईच्या आईपर्यंत सगळ्या बाया आठवून झाल्या, त्यातली कोण उठून गेली असेल म्हणून.

मंगळवारी पंचशीलाताईनं माझं तोंड बघून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ती सरळ डॉक्टरबाईंकडं. हात वर. "बाई, हिची सासू म्हनते माहेरचीच बाई गेली. खरं काय ते सांगा, म्हंजे म्हातारीचं तोंड बंद होईन."

डॉक्टरबाई माझ्याकडं वळून सावकाश बोलल्या. "क्वचित एखाद्या घरात ते रक्तातून येतं. तुमच्याकडे तसं काही दिसलेलं नाही. हे बहुतेक वेळा बाळाच्या मूत्रपिंडातच होतं, ते घडत असताना. तुम्ही खाल्लं-प्यालं त्यानं नाही, कुणाच्या माहेरानं नाही."

"आयकलं का?" पंचशीलाताई मला म्हणाली. "आता फोन लाव. माह्यासमोर."

मी फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा सासूशी मी बोलले आणि ती ऐकत होती. त्या एका फोनसाठी मी पंचशीलाताईची जन्मभर ऋणी आहे. तरी खोलीवर आल्यावर मनात आलंच, माझ्या घरचं भांडणसुद्धा हिलाच मिटवता यावं?

आता त्या मेणाच्या वडीचं सांगते. ऑपरेशन झालं की गाठीचा छोटा तुकडा मेणात बसवून ठेवतात, बोटाच्या पेराएवढ्या चपट्या प्लास्टिकच्या डबीत. डबीवर पेन्सिलीनं नंबर. नागपूरच्या दवाखान्यानं ती वडी आमच्या हाती दिली होती, पुढं लागेल, जपून ठेवा म्हणून. पंचशीलाताईनं तिची जपली. माझी मात्र घरात आणायला सासूनं फोनवरून मनाई केली होती. असली गाठ छपराखाली नको, म्हणाली. मलाही ती घरात नको होती, खरं सांगायचं तर. पोरीच्या पोटातून बाहेर काढलेलं ते पुन्हा पोरीच्या उशाशी कशाला? म्हणून मी ती मालकांच्या जुन्या हत्यारांच्या लोखंडी पेटीत ठेवून पेटी दाराबाहेर पत्र्याखाली ठेवली. पावसाळी कोल्हापूरच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे महिना होता. तपासणीसाठी मुलांचं रक्त दवाखान्यानं पाठवलेलं होतं; वडी आम्ही द्यायची म्हणून पेटी उघडली तर हाताला चटका बसला. मेण पाघळून डबीतून बाहेर आलेलं, पान्याला चिकटलेलं, तुकडा एका कडेला घसरलेला. नंबर मेणाखाली गेलेला.

मी ती तशीच रुमालात घेऊन वॉर्डात पळाले. पंचशीलाताईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो बाई! मेन हाय ते! चांद्याच्या उन्हात सडक नरम होते, आन् तू मेन लोखंडात भरून बाहेर ठेवतेस?"

"आता काय होणार?"

"रडू नोको. तुकडा हाये न? हाये. मेन काय, दुकानात भेटते."

तिनं केसातली पिन काढली आणि नखाएवढ्या जागेवरचं मेण इतक्या हळू खरवडलं की पेन्सिलीचा एकही आकडा पुसला गेला नाही. नंबर मोठ्यानं वाचला, मला वाचायला लावला, माझ्या हातावर लिहायला लावला. स्वराला त्या दिवशी ताप होता, मला हलता येत नव्हतं. "दोन्ही मीच नेते," ती म्हणाली. मडक्यात ओली रेती भरली, दोन्ही वड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यावर ठेवल्या, वर ओलं फडकं बांधलं, आणि मडकं मांडीवर घेऊन ती त्या उन्हात बसनं नागपूरला गेली. तिथल्या माणसानं माझी वडी नव्या मेणात बसवली, नव्या डबीत, जुना नंबर बघून. ती समोर उभी होती. परत आल्यावर सगळं तिनं मला सांगितलं, कोण काय बोललं त्यासकट.

रिपोर्ट आले तेव्हा पाऊस लागला होता. डॉक्टरबाईंनी आधी अनमोलचा वाचला. पहिल्या आणि सोळाव्या जोडीवर सगळं जागेवर. मग स्वराचा. पहिल्यावरचा तुकडा गेलेला. सोळाव्यावरचाही गेलेला. लाल औषध पुढच्या मंगळवारपासून.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की पंचशीलाताईनं सुटकेचा श्वास सोडला. नंतर तिनं तो झाकायला पदर तोंडाशी नेला, पण मी पाहिलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला.

"दोन्ही तुम्हीच नेल्या होत्या," मी म्हणाले.

"हो."

"माझी वितळलेली होती. त्यांनी नव्या डबीत घातली."

"हो. माह्यासमोर."

"मग अदलाबदल झाली नसेल कशावरून? चांगली वडी स्वराची असेल. तुम्ही... तुमच्या हातून इकडची तिकडं झाली असेल. नाहीतर केली असेल."

शेवटचे दोन शब्द मी हळू बोलले, पण बोलले. वॉर्डातल्या सगळ्या बाया आमच्याकडं बघत होत्या. तिची सासू उठून उभी राहिली. पंचशीलाताईनं तिला हातानंच बसवलं. माझ्याकडं तिनं इतका वेळ पाहिलं की मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले, पण मी घेतले नाहीत.

"चाल," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरून पुन्हा डॉक्टरबाईंच्या खोलीत. या वेळी हात वर केला नाही.

"बाई, हिले वाटते वड्या अदलाबदल झाल्या. हे शक्य हाये का नाई ते तुमी सांगा. माह्यावर भरोसा नाई ते राहू द्या. पन औषध चुकाले नाई पायजे. माह्या पोट्ट्याचंबी नाई, हिच्या पोट्टीचंबी नाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, शक्यता फार कमी आहे, पण शंका ठेवायची नाही. प्रत्येक वडी त्या त्या मुलाच्या रक्ताशी जुळते का ते पुन्हा पाहता येतं. पंधरा दिवस लागतील. तोवर स्वराचं लाल औषध सुरू करू, थांबायला नको.

"आन् अनमोलचं?" पंचशीलाताईनं विचारलं.

"त्याचं आहे तसंच."

म्हणजे अदलाबदल झालेली असेल तर तिच्या मुलाचे पंधरा दिवस कमी औषधावर जाणार होते. चांगला रिपोर्ट हातात असताना तो पुन्हा तपासा म्हणून तिनं स्वतःच्या तोंडानं मागितलं. मी तिच्या जागी असते तर मागितलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

ते पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. लाल औषध सुरू झालं, स्वराला ओकाऱ्या लागल्या. पहिल्या मंगळवारी मी सिस्टरला बोलवायला गेले तेवढ्यात पंचशीलाताईनं फरशी पुसली, स्वराचं तोंड धुतलं, आणि मी परत यायच्या आत आपल्या खाटेवर जाऊन पाठ करून बसली. दुसऱ्या मंगळवारी स्वराचे केस उशीवर राहू लागले. अनमोल बघत होता. त्याचे केस विरळ झाले होते, तरी होते. मला तेही बघवत नव्हतं.

खोलीतल्या अंबाबाईच्या फोटोपुढं मी रोज बसायची. अदलाबदल झालेली निघू दे, एवढंच मागायची. मागताना अनमोलचं नाव घ्यायची नाही. नुसतं "अदलाबदल" म्हणायची. देवीसमोरसुद्धा एवढी हुशारी मी केली.

पंधरा दिवसांचा निकाल यायला तिसरा मंगळवार उजाडला. दोन्ही वड्या ज्याच्या त्याच्या होत्या. नंबर बरोबर, रक्त बरोबर. काहीही इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. पंचशीलाताईला आलं. ती तोंडात पदर कोंबून अशी रडली की डॉक्टरबाई उठून तिच्याजवळ आल्या. "तुमचं तर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"त्याच्यासाठीच त रडून राह्यली बाई," ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

मी मागं गेले. वॉर्डाच्या मागच्या बाजूला नळ होता, तिथं ती उभी होती. मला माफी मागायची होती. पण तीच आधी बोलली.

"पंधरा दिस मी काय मागतलं, मालूम हाये का तुले?"

"काय?"

"अदलाबदल झाली नसन पायजे. हेच. सकाळी बुद्धापुढं मेनबत्ती लावाची, तोंडानं म्हनाची, सगळ्याइचं भलं होवो. आन् आत? आत काय, तुह्या पोट्टीचंच वाईट असू दे, माह्या पोट्ट्याचं नोको. तिच्या वकाऱ्या पुसल्या ना मी, तवा बी तेच. हात पुसून राह्यला, आन् मन तसं मागून राह्यलं. आता भेटलं मागतलेलं."

नळ चालूच होता. मी तो बंद केला.

"मी उलटं मागत होते," मी म्हणाले. "अदलाबदल व्हावी म्हणून. रोज."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रडता रडता तिच्या नाकातून हसू फुटलं. "मंग जुळलं न आपलं. दोघींनीबी एकच अर्ज केला, नाव तेवढं बदलून."

"मी नाव घेतलंच नव्हतं."

"मीबी नाई घेतलं वो! लाज वाटे." मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "तुही अंबाबाई काई कामाची नाई पन."

"तुमची मेणबत्ती आहे ना."

हे बोलल्यावर आम्ही दोघी हसलो आणि हसणं मधेच थांबलं, कारण आत स्वरा ओकत होती. दोघी धावलो. मी तिला धरलं आणि ताईनं भांडं धरलं. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्या लेकीशी बोलली, "काढ माय, समदं काढ. पोटात काई ठेवू नोको."

अनमोलची इंजेक्शनं धान कापणीच्या सुमारास संपली. स्वराचे अजून कित्येक महिने बाकी होते. शेवटच्या मंगळवारी ताईनं वॉर्डातल्या सगळ्या पोरांना चिवडा वाटला. स्वराला एकटीला वेगळा दिला, तिखट नसलेला, कारण तिच्या तोंडात फोड आले होते. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. सावलीची बस लागलेली होती, धानाची पोती आणि कोंबड्या आत चढत होत्या. तिची सासू आत जागा धरून ओरडत होती. अनमोल खिडकीशी बसला, केसांवरून हात फिरवत. माझं लक्ष पुन्हा त्याच्या केसांकडंच.

ताईनं ते पाहिलं. ती माझं सगळंच बघायची. अनमोलला आत सरकवून खिडकीतून वाकून म्हणाली, "कोल्हापूरवाली, आयक. माह्या अनमोलचं चांगलं आयकलं का तुले जळजळ होईन. मले मालूम हाये. होऊ दे. म्हनून फोन बंद करू नोको."

मी मान हलवणार होते. "होईल," मी म्हणाले. "फोन करीन तरी."

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. स्वराचं लाल औषध कधीच संपलं, तिला दाट कुरळे केस आले, पहिले असे नव्हते. ती पहिलीत जाते आणि सरांना इतके प्रश्न विचारते की दोनदा मला शाळेत बोलावून घेतलं. पण ज्या गाठीतून तो तुकडा गेलेला असतो ती परत येऊ शकते, हे मी कधी विसरत नाही. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. आधीचे आठ दिवस मला अन्न जात नाही. पुढचा स्कॅन आता जवळ आला आहे, आणि तो कसा येईल हे मला माहीत नाही.

ताई पुन्हा कधी चंद्रपूरला माझ्याकडं आली नाही. मीही तिच्या गावाला गेले नाही. शेतातून सुटत नाही म्हणते, आणि मला वाटतं, मुलं शेजारीशेजारी उभी केली की आम्ही काय बघू ते दोघींनाही ठाऊक आहे. फोन मात्र चुकलेला नाही.

परवा तिचा आला. अनमोलचा स्कॅन झाला, म्हणाली, साफ हाये.

"बरं झालं," मी म्हणाले.

जळजळ व्हायची ती झालीच. तिकडं पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. तिनं फोन ठेवला नाही, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणाले. "आता खरंच बरं वाटलं."

"मंग सांग आता. पोट्टीची तारीख कधीची हाये?"

मी तिला स्वराची तारीख सांगितली.